समोरच्या दारावरचा बर्फ

१२ ऑक्टोबर

ही वही शोभनाकाकूंनी दिली. म्हणाल्या, "रोज पाच ओळी लिही. निदान तेवढा वेळ तरी तुझं बूड एका जागी टेकेल." काकू इथल्या रविवारच्या मराठी शाळेत बरीच वर्षं शिकवायच्या. त्यामुळं कुणी तावडीत सापडलं की त्यांना गृहपाठ द्यावासा वाटतो. मी नववीतनं शाळा सोडलेली. त्यानंतर पेन धरलं ते सह्या करायला.

तर मी सुशांत, गाव इचलकरंजी. आत्यानं फार वर्षांपूर्वी भरलेल्या ग्रीन कार्डाच्या कागदांवर आई, बाबा आणि मी अमेरिकेला आलो. आई-बाबांना मिनेसोटाची थंडी झेपली नाही, ते परत गेले. मी राहिलो. मोटेल, पेट्रोल पंप, गोदाम, हॉटेलातली भांडी, सगळं केलं आणि सगळं सोडलं. आता ईडन प्रेरीत काकूंच्या बेसमेंटमध्ये राहतो आणि हेमचंद्र सरांकडं कामाला जातो. लोकांच्या छपरांवर सोलर पॅनल बसवतो. सप्टेंबरात लागलो.

काकू म्हणतात, "एका ठिकाणी सहा महिने टिकून दाखव, मग तुला माणूस म्हणेन."

पाचापेक्षा जास्त ओळी झाल्या. उद्याची सुट्टी.

२५ ऑक्टोबर

काकूंच्याच छपरावर पॅनल बसवायचं ठरलं. आयडिया माझी.

कारण अक्षत. काकूंचा मुलगा, जर्सी सिटीत बँकेच्या कॉम्प्युटरचं काम करतो, चौतिसाव्या मजल्यावर राहतो. अरुणकाका दोन वर्षांपूर्वी गेले, तेव्हापासून दर रविवारी त्याचा फोन. घर विक, माझ्याकडं ये, एवढ्या मोठ्या घरात तू एकटी. काकू फोन स्पीकरवर टाकून पोळ्या लाटत राहतात. "एकटी कुठं? सुशांत आहे ना खाली," म्हणतात. तो म्हणतो, "मॉम, ही इज अ टेनंट."

काकूंना जायचं नाही. "तिथं खिडकी उघडत नाही आणि शेजारी भांडत नाही. करायचं काय माणसानं?"

मग मी म्हटलं, विजेचं बिल एवढं येतंय म्हणून तो ओरडतो ना, ते तरी बंद करू. घराचं तोंड नेमकं दक्षिणेला. सोलरला याच्यापेक्षा चांगलं छप्पर नाही. काकू हसल्या. हे घर विकायला होतं तेव्हा दोन देशी कुटुंबं दारातनंच परत गेली होती म्हणे, दक्षिणमुखी घर नको म्हणून. काका म्हणाले, यमाला यायचंच असेल तर तो पत्ता विचारत पूर्वेकडनंही येईल. आणि घेऊन टाकलं.

३ नोव्हेंबर

पॅनल बसले. समोरच्या उतारावर दोन ओळी, काळेभोर. खाली उभा राहून बराच वेळ बघत होतो. दुसऱ्यांच्या घरावर बसवतो तेव्हा असं होत नाही.

काकूंनी इन्व्हर्टरच्या डब्याला हळदीकुंकू लावलं, नारळ फोडला. आमच्या टीममधल्या गोऱ्या पोरानं खोबरं खाल्लं आणि आणखी मागितलं.

एक राहिलं. समोरच्या दाराच्या वर, पॅनलच्या खालच्या कडेला स्नो गार्ड लावायला सरांनी सांगितलं होतं. म्हणजे धातूच्या अडण्या. बर्फाची लादी एकदम खाली घसरू नये म्हणून. डबा मी गोदामातच विसरलो. अंधार पडत आलेला, वारा सुटलेला, परत कोण जातंय? सरांना फोन लावला. म्हटलं, "सर, समोरचं दार कोणी वापरतच नाही. काका गेल्यापासून उघडलेलंच नाही. सगळं गॅरेजातनं."

सर नागपूरचे. म्हणाले, "पक्कं ना बे? मंग पुढच्या आठवड्यात लावजो. पण लावजो."

खरंच आहे की. इथं थंडीत समोरचं दार वापरतो कोण? गाडी आत, शटर खाली, माणूस आत.

१६ नोव्हेंबर

काकू सकाळी उठल्या की देवाच्या आधी फोनवर ॲप बघतात. किती युनिट वीज झाली ते त्यात दिसतं. मला वरनं हाक मारतात, "सुशांत, काल गाईनं अकरा शेर दिलं रे!" माहेरी गोठा होता त्यांच्या, म्हणून पॅनल म्हणजे गाय.

अक्षतच्या फोनवरपण ॲप टाकून दिलं. तोही बघतो. परवा म्हणाला, "ओके, नॉट बॅड." काकू दिवसभर खुशीत होत्या.

आठवडाभर चॅनहॅसनला काम. अडण्या राहिल्यात. बघू.

१ डिसेंबर

पहिला बर्फ. बोटभर जाड. मी कामावर जाताना बघितलं तर पॅनल पांढरे. वाटलं संपलं. पण दुपारी काकूंचा मेसेज आला, बर्फ निथळून गेला आणि गाय उभी आहे.

सरांना विचारलं. सर म्हणाले, पातळ बर्फातनं उजेड आत जातो, काच जराशी गरम होते, मग तो आपोआप घसरतो. शिवाय थंडी पॅनलला आवडते. "उन्हाळ्यात तापून दमते बिचारं. हिवाळ्यात ऊन पडलं, खालून बर्फाची चमक आली, कसं पळते बघ. फक्त अंगावर पांघरूण नको."

पांघरूण हा शब्द आवडला.

१२ डिसेंबर

फूटभर पडला. तीन दिवस झाले, ॲपमध्ये भोपळा.

रविवारपर्यंत थांबायलाही अक्षत तयार नाही. आजच फोन. "मॉम, इट्स झीरो. लिटरली झीरो. तुला कोणी विकलं हे?"

काकू म्हणाल्या, "गाय आटते की नाही? मग लगेच खाटकाला देतात का?"

"व्हॉट?"

"काही नाही. जेवलास का?"

मी जिन्यात उभा होतो. मीच विकलं, असं वर जाऊन सांगावंसं वाटलं. नाही गेलो.

१४ डिसेंबर

शिडी लावून झाडू घेऊन वर चढलो. काकूंनी स्वयंपाकघरातनं बघितलं आणि अशा ओरडल्या की पलीकडचा म्हातारा बाहेर आला. खाली उतरलो. त्यांनी सरांना फोन करून चुगली केली.

सरांनी झापलं. "अबे, तू रोज दुसऱ्याच्या छपरावर दोर बांधून चढतोस आन इथं झाडू घेऊन? काच खरवडली तर? मी गिऱ्हाइकांना काय सांगतो? साफ करायच्या भानगडीत पडू नका. हे दिवस लहान, ऊन तिरपं, तसंही फार वीज होत नसते. वर्षाच्या हिशोबात चिल्लर जाते. उन्हाळ्यात भरून निघते. थांबाचं फक्त."

काकूंनी रात्री पिठलं वाढताना तेच म्हटलं. "तुला थांबता येत नाही, हाच तुझा रोग. मोटेल सोडलंस, पंप सोडलास. आता बर्फालापण म्हणतोस, चल ऊठ."

बरोबर असेल. पण त्यांना कुणी दर रविवारी विचारत नाही, तुला हे कोणी विकलं.

नाही, त्यांनाच विचारतो.

२८ डिसेंबर

भोपळा. वर पाऊस पडला आणि तो गोठला. आता खाली बर्फ, वर काचेसारखं कवच. आठवडा उणे डिग्रीत.

टेक्सासात एका गाववाल्याचा मुलगा आहे. तो म्हणतो, ये इकडं, बर्फ नाही काही नाही. बॅग बघून ठेवली.

६ जानेवारी

काकूंनी दोन बातम्या दिल्या.

एक, अक्षत सतराला येतोय. दोघांचं ठरलंय. तो घर बघणार, काकू कशा राहतात ते बघणार. त्याला पटलं तर तो विकायचा विषय पुन्हा काढणार नाही. नाही पटलं तर काकू उन्हाळ्याआधी जर्सी सिटीला जाणार. "दोघांनी शब्द दिलाय," म्हणाल्या. त्यांचा चेहरा परीक्षेला बसणाऱ्या पोरीसारखा झाला होता.

दोन, त्याच दिवशी संक्रांतीचं हळदीकुंकू करणार. काका गेल्यापासून केलं नव्हतं. त्यांच्या मैत्रिणीनं, दीपाकाकूंनी, चाचरत विचारलं, "शोभना, लोक काय म्हणतील?" काकू म्हणाल्या, "मी सगळ्यांना लावणार आणि तू मला लावणार. ज्यांना चालत नसेल त्यांनी तिळगूळ खावा आणि जावं. तिळगुळाला नवरा लागत नाही."

दीपाकाकू हसताहसता रडल्या. मी खाली आलो.

बॅग पुन्हा पलंगाखाली सारली. सतरापर्यंत तरी.

१५ जानेवारी

काल आणखी फूटभर पडला. पण आता हवा सुधारणार, शनिवारी लख्ख ऊन, असं फोनवर दाखवतंय. पॅनल उघडे असते तर अक्षतच्या डोळ्यादेखत आकडा पळाला असता.

दुकानातनं छपरावरचा बर्फ ओढायचा लांब दांड्याचा रेक आणला. पुढं फोम लावलेला असतो, काचेला चरा पडत नाही. घर एकमजली आहे. जमिनीवर उभं राहूनच वापरायचा, शिडी नाही काही नाही. म्हणजे काकूंना ओरडायचं कारण नाही.

सरांना विचारलं नाही. थांब म्हणतील.

१७ जानेवारी, सकाळ

अक्षत रात्री उशिरा आला, झोपलाय. काकू वर लाडू वळतायत.

मी उजाडता उजाडता बाहेर जाऊन रेकनं खालची ओळ मोकळी केली. पायरीवर पडलेला बर्फ फावड्यानं बाजूला लोटला, काकूंना कळू नये म्हणून. वरच्या ओळीपर्यंत दांडा पोचत नाही. पण अर्धं तर अर्धं. खालच्या काचा आता काळ्या चमकतायत. ऊन निघालंय.

आज बघू दे त्याला.

१९ जानेवारी

दोन दिवस वही उघडली नाही.

शनिवारी दुपारी बायका तीनला येणार होत्या. अकराच्या सुमाराला अक्षत स्वयंपाकघरात कॉफी पीत होता. काकू जांभळी साडी नेसून, वर स्वेटर, पायात बूट, हातात रांगोळीचा डबा घेऊन निघाल्या. अक्षतनं विचारलं, "व्हेअर आर यू गोइंग?"

"समोरच्या दारात रांगोळी काढते."

"मॉम, इट्स फ्रीझिंग. दे विल कम थ्रू द गॅरेज, लाइक नॉर्मल पीपल."

"सवाष्णी गॅरेजातनं येतात होय रे? पार्सलं आहेत का?"

मीपण हसलो. मी ऐकलं. समोरचं दार, असं ऐकलं आणि हसलो. हे पुन्हापुन्हा लिहावंसं वाटतं.

मी अक्षतला ॲप दाखवत होतो. अर्धेच पॅनल उघडे तरी आकडा सरकत होता. त्याला सांगत होतो, थंडीत पॅनल जास्त पळतात, खालच्या बर्फाची चमक मिळते, सगळं सरांचं बोलणं. तो नीट ऐकत होता. मधेच पुढच्या बाजूला धप्प झालं. पोतं पडल्यासारखं. अक्षत म्हणाला, "गॅरेज डोअर?" मी म्हटलं, असेल.

थोड्या वेळानं ॲपमधला आकडा एकदम दुपटीच्या वर गेला. हिवाळ्यातला सगळ्यात मोठा. मी म्हटलं, "बघ! बघ!" त्यानं माझ्या पाठीवर थाप मारली. म्हणाला, "ओके. धिस इज कूल." आम्ही दोघं तो आकडा बघत होतो.

एवढा आकडा कसा, वरचा बर्फ गेला की काय, हे बघायला मी पुढं गेलो. दार उघडलं.

काकू पायरीवर बसल्या होत्या. बसल्या नव्हत्या. एक पाय भलतीकडं वळलेला. कमरेपर्यंत बर्फाचे तुकडे, गादीएवढे जाड. डबा हातात तसाच. पायरीवर कमळाच्या दोन पाकळ्या निघाल्या होत्या. मी वर बघितलं. छप्पर रिकामं, दोन्ही ओळी काळ्याभोर.

काकूंनी मी वर बघितलेलं बघितलं.

मागनं अक्षत आला, पण दारात मी आडवा होतो, त्याला काकूंचा चेहराच दिसला. "मॉम!" काकू म्हणाल्या, "अरे, घसरले. काही नाही झालं." तो आत फोनकडं पळाला. मी हातानं त्यांच्या अंगावरचा बर्फ काढला, मग फावड्यानं पायरी मोकळी केली. ॲम्ब्युलन्सवाल्यांना आत यायला वाट पाहिजे म्हणून. ते येईपर्यंत पायरी स्वच्छ होती.

खुब्याचं हाड मोडलं. काल ऑपरेशन झालं.

२१ जानेवारी

हॉस्पिटलात गेलो. दीपाकाकू आधीच आल्या होत्या. त्यांनी पर्समधनं करंडा काढून काकूंना हळदीकुंकू लावलं, हातावर तिळगूळ ठेवला. "झालं तुझं हळदीकुंकू," म्हणाल्या. नर्स आली आणि कपाळाला रक्त लागलंय समजून कापूस घेऊन धावली. काकूंनी तिचा हात धरला. म्हणाल्या, "नो नो, दिस वन आय वॉन्ट."

दीपाकाकू बाहेर मला म्हणाल्या, "दक्षिणेचं दार, आणि दोन वर्षांनी उघडायचं ते असं." दिशेचा काही दोष नव्हता.

काकू सगळ्यांना तेच सांगतात, घसरले. डॉक्टरलापण. त्यांना आठवत नसेल. डोक्याला मार नाही असं डॉक्टर म्हणतात, पण दणका एवढा मोठा, काय सांगावं. मी विचारलं, "काकू, काय झालं आठवतंय का?" त्यांनी माझ्याकडं बघितलं. म्हणाल्या, "कामावर गेलास का आज?"

"नाही."

"उद्या जा."

२२ जानेवारी

बॅग भरली होती. पण त्यांनी जा म्हटलंय म्हणून कामावर गेलो. सरांनी विचारलं, काकू कशा आहेत बे? म्हटलं, घसरल्या.

माझ्या तोंडातनं निघून गेलं. आता तेच खरं झालं.

८ फेब्रुवारी

काकूंना चालायला शिकवणाऱ्या ठिकाणी हलवलंय. अक्षत तिसऱ्यांदा आला. मी त्याच्याबरोबर गाडीत होतो. रस्त्याच्या दोन्ही कडांना बर्फाचे मळके ढीग. तो सहसा माझ्याशी बोलत नाही. आज आपणहून बोलला, निम्मं इंग्रजी, निम्मं त्याचं मोडकं मराठी.

म्हणाला, "तुला माहितीये मला भीती कशाची वाटते? ती पायरी क्लीन होती. मी पाहिली. तिनं स्वतः सॉल्ट टाकलेलं. नो आइस. आणि तरी ती पडली. म्हणजे बॅलन्स गेलाय तिचा. आज पायरीवर, उद्या बाथरूममध्ये. त्या दिवशी सकाळी मी ऑलमोस्ट डिसाइड केलं होतं, की राहू दे तिला इथं. यू शोड मी दॅट नंबर, आय वॉज लाइक, शी इज फाइन."

मी तोंड उघडलं.

तो म्हणाला, "थँक्स मॅन. तू होतास म्हणून. तू वाट क्लिअर केलीस."

मी तोंड मिटलं. पुढं बरेच सिग्नल लागले. सगळ्यांवर तो थांबला. प्रत्येक ठिकाणी सांगता आलं असतं.

९ फेब्रुवारी

सांगितलं तर काय होईल याचा विचार करतो. सर काढून टाकतील. कंपनीवर खटला येईल, सरांचं लायसन्सपण जाईल. हे सगळं खरं आहे. पण गाडीत यातलं काहीच डोक्यात नव्हतं. डोक्यात एवढंच होतं की त्यानं पाठीवर थाप मारली होती.

१५ फेब्रुवारी

ठरलं. घर विकायचं.

काकूंनी शब्द पाळला. भांडल्यासुद्धा नाहीत, असं दीपाकाकू सांगत होत्या. मला वाटलं होतं भांडतील. त्या भांडल्या असत्या तर मी मधे पडलो असतो. असं आता वाटतं.

१ मार्च

अंगणात पाटी लागली. एजंटबाई आली होती. तिनं जाहिरातीत सोलर पहिल्या ओळीत टाकलं. पॅनलमुळं घर लवकर जाईल म्हणाली.

ऊन रोज आहे, बर्फ पडतो आणि दुपारी निघून जातो. गाय भरपूर देते. वरनं कुणी हाक मारत नाही. माझ्या फोनवर मी बघतो आणि बंद करतो.

गाडीत माल भरताना सरांनी एकदम विचारलं, "त्या घराचे स्नो गार्ड लावले होतेस ना बे?"

म्हटलं, "नाही सर."

सरांनी हातातली पट्टी गाडीत टाकली. मग म्हणाले, "गाडी काढ." संध्याकाळी मी घरी निघालो तर माझ्या सीटवर अडण्यांचा डबा होता.

२८ मार्च

काकू शेवटचं म्हणून घरी आल्या, देव घ्यायला. अक्षतनं गाडी सरळ गॅरेजात घेतली. वॉकर टेकत टेकत काकू घरभर फिरल्या. वजन निम्मं झालंय. अक्षत आतल्या खोलीत खोकी बांधत होता.

मी चहा केला. त्या खुर्चीत बसून समोरच्या बंद दाराकडं बघत होत्या. म्हणाल्या, "घर घेतलंय त्या जोडप्याला लहान मूल आहे. त्या दारावर अडण्या लावून दे."

मी म्हटलं, "कसल्या?"

"तुझ्या सरांना फोन केला होतास ना, पॅनल बसवले त्या दिवशी. मी नारळ फोडत होते. कान गेलेले नाहीत माझे."

कप खाली ठेवला. मी म्हटलं, "काकू, तुम्ही अक्षतला..."

"हळू बोल."

"मी सांगतो त्याला. आत्ता सांगतो. तुमचा तोल गेला नव्हता. पाय चांगले होते. मी सकाळी खालचा बर्फ ओढून काढला, म्हणून वरची लादी..."

"रेक गॅरेजात दिसला होता मला त्याच सकाळी, मीठ घ्यायला गेले तेव्हा," काकू म्हणाल्या. "सही झालीये रे घराची. आता त्याला एवढंच कळेल की आई खोटं बोलली. ते कशाला?"

त्या वेळी घसरले असं का म्हणालात, हे विचारायचं होतं. त्यांनी चहा प्यायला, साखर कमी आहे म्हणाल्या. मग बोटांवर काहीतरी मोजल्यासारखं केलं.

"सप्टेंबरात लागलास ना तू? सहा झाले की नाही?"

"झाले."

"मग झालं तर."

अक्षत बाहेर आला. त्यानं देवांचं खोकं उचललं. काकू गॅरेजातनंच गेल्या.

५ एप्रिल

सारखं मनात येतं, त्या दिवशी दारात मी वर बघितलं नसतं तर काकू काय म्हणाल्या असत्या.

टेक्सासवाल्याला येत नाही म्हणून कळवलं.

१९ एप्रिल

जर्सी सिटीला फोन लावला. काकूंनी उचलला. खिडकीतनं नदी दिसते, बोट दिसते. शेजारी कोण आहे माहीत नाही. "इथं स्नो पडतो, पण तो कुठं जातो कळतच नाही रे. खाली पोचायच्या आत कुणीतरी उचलत असणार."

मग म्हणाल्या, "गाय कशी आहे?"

म्हटलं, "काल तीस शेर."

मागं अक्षतची भांडी वाजत होती. "तीस," असं पुन्हा म्हणाल्या आणि फोन ठेवला.

१० मे

मी आता दुसरीकडं राहतो. पण आज रविवार, सुट्टी. सरांनी काही न विचारता शिडी आणि गाडी दिली.

नव्या लोकांना आधी फोन केला होता. दोर बांधून वर चढलो. समोरच्या दाराच्या वर, पूर्ण कडेला, एकेक अडणी बसवत गेलो. ऊन कडक होतं, काच हात लावता येईना इतकी तापलेली. खाली पायरीवर नवीन पायपुसणं होतं. बाजूच्या सांदीत रांगोळीचा पांढरा कण राहिला असेल असं वाटून उतरल्यावर बघितलं. नव्हता.

मी वर असताना नवी मालकीण पोर काखेत घेऊन बाहेर आली. हात कपाळाला लावून वर बघत विचारलं, काय लावताय? मी म्हटलं, बर्फासाठी.

ती हसली. आता तर मे महिना, म्हणाली. आणि हे दार तर आम्ही वापरतच नाही. सगळं गॅरेजातनं.

मी म्हटलं, "कधीतरी उघडाल."

ती आत गेली. मी पुढचा स्क्रू घेतला.